हलता डोळा

गावातले एक मास्तर दर वर्षी दिवाळी अंक काढतात. यंदा माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मामा, तुम्ही डोळ्यांच्या शिबिरांत तीस वर्षं काढली. एकेक नमुने बघितले असतील. लिहा की काहीतरी हलकंफुलकं."

हलकंफुलकं! माझ्या तोंडात जे आलं ते मी गिळलं, कारण ते छापता आलं नसतं. माझी बायको हौसा जाऊन नऊ महिने झाले. घरात मी आणि एक कुत्रं. तरी लिहितो. पण कुणाला हसवायला नाही. पोटात राग आहे तो उतरवायचाय. मी चौथी शिकलेला. चुका मास्तरांनी नीट कराव्यात, मजकुरात मात्र हात घालू नये.

आधी काम काय होतं ते सांगतो. पुण्याकडच्या एका दवाखान्याची जीप भोर-वेल्ह्याच्या गावांतून फिरायची. शाळेच्या खोलीत नाहीतर देवळाच्या सभामंडपात शिबीर लागायचं. मी त्यातला मदतनीस. म्हणजे डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, काहीच नाही. रांग लावायची, डोळ्यात थेंब घालायचे, म्हाताऱ्यांची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर धरून ठेवायची, भिंतीवरचा तक्ता दाखवायचा. अडाणी माणसांसाठी त्या तक्त्यावर त्रिशुळासारखी तीन दाती खूण असते. दाते कुठल्या बाजूला आहेत ते पेशंटनं हातानं दाखवायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यावर बांधायच्या हिरव्या कापडी पट्ट्या घरी हौसा शिवायची. या भागात निम्म्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यावर तिच्या हातची शिलाई बसलेली आहे.

आणखी एक काम होतं, जे कुठल्या कागदावर नव्हतं. लोकांना गप्प बसवणं.

दीडशे माणसं असायची. प्रत्येकाला बोलायचं असायचं. डोळा कधीपासून दुखतो इथपासून सुरुवात करून सून कशी वागते इथवर. मी दाराशी उभा राहून दम भरायचो. "हलायचं न्हाई. बोलायचं न्हाई. सायेब इचारतील तेवडंच सांगायचं." एकदा वेल्ह्याकडची एक म्हातारी माझ्यावरच उसळली.

"आरं, मंग तोंड घरी ठिवून येऊ का?"

"ठिव की आजे. डोळं तेवडं आन."

सगळी रांग हसली. आत डॉक्टरांनी ऐकलं होतं. संध्याकाळी जीपमध्ये मला म्हणाले, "मामा, त्यांना बोलू देत जा. निम्मं डोळा सांगतो, निम्मं माणूस सांगतं." मी व्हय व्हय केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच दम. त्यात मला मोठेपणा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

या डॉक्टरांना सगळे मोठे डॉक्टर म्हणायचे. अंगानं काडी होते. आता तेही नाहीत. माझ्यासारख्या चौथी पास माणसाला त्यांनी जे शिकवलं ते कॉलेजात कुणाला शिकवतात की नाही कोण जाणे. शिकवत नसावेत, असं आता म्हणतो. का म्हणतो ते पुढं येईल.

एकदा एक पैलवान आला. गडी तालमीतला, समईच्या ज्योतीवर टक लावायची सवय केलेला. छाती काढून म्हणाला, "माजा डोळा हालत न्हाई. अर्दा अर्दा तास एका जागी ऱ्हातो."

डॉक्टरांनी त्याला यंत्रासमोर बसवलं, टक लावायला सांगितली आणि मला बोलावलं. "मामा, या भिंगातून बघा."

मी बघितलं. गडी दगडासारखा बसला होता आणि त्याचं बुबुळ बारीक बारीक उडत होतं. हळूच एका बाजूला सरकायचं, मग झटक्यात माघारी. पुन्हा सरकायचं, पुन्हा झटका.

"हालतंय की सायेब."

"मामा, गप बसा!" पैलवान ओरडला.

"सगळ्यांचं हलतं," डॉक्टर म्हणाले. "तुझं, माझं, मामांचं. झोपेतून उठल्यापासून डोळा एक क्षण थांबत नाही. आपण हलवत नाही, तो आपला आपण हलतो."

मग त्यांनी कागदावर शाईचा एक ठिपका काढला आणि त्याच्या भोवती, जरा लांबून, शिसपेन्सिलीनं एक फिकट कडं. बोटानं पुसून आणखी फिकं केलं. "आता ठिपक्यावर टक लाव. तुझी तालीम दाखव."

पैलवानानं टक लावली. थोड्या वेळानं दचकला. "कडं कुनी पुसलं?"

"कुणी नाही. पापणी हलव."

त्यानं पापणी मिटून उघडली. कडं जागेवर. गडी पार बावचळला. मीही करून बघितलं, माझंही कडं गेलं.

डॉक्टरांनी त्याला विचारलं, "तुझ्या आईच्या पायात जोडवी आहेत?"

"हायेत की."

"तिला दिवसभर जाणवतात?"

"रोजचीच हायेत. कशाला जानवतील?"

"बोटानं हलवली तर?"

"मंग जानवतील."

"डोळ्याच्या आतल्या पडद्याचं तसंच आहे. तेच चित्र त्याच जागी पडून राहिलं की पडदा म्हणतो, हे मला माहीत आहे, आणि बघणं सोडून देतो. डोळ्याची ही थरथर चित्राला जरा जरा सरकवत राहते, म्हणून आपल्याला दिसतं. तू टक लावून ती थरथर कमी केलीस, तर कडेचं फिकं आधी गेलं. ती पूर्ण थांबली तर तोरणा किल्लाही दिसणार नाही, तो एवढा समोर आहे तरी."

दुसरी गोष्ट त्यांनी मला दाखवली ती काळ्या पुठ्ठ्याची. आमच्याकडं टाचणीनं भोक पाडलेला पुठ्ठा असायचा. नजर अंधूक असलेल्या माणसाला भोकातून तक्ता बघायला लावायचा. साफ दिसला तर चष्म्याचं काम, नाही दिसला तर आत काही बिघाड. तर डॉक्टर म्हणाले, "मामा, हा डोळ्याला लावा, आभाळाकडं बघा आणि पुठ्ठा बारीक बारीक गोल हलवा." हलवला. माझ्या डोळ्यापुढं एक झाड उभं राहिलं. बिनपानांचं, फांद्याच फांद्या. थांबवला की झाड गेलं. त्या डोळ्यातल्याच रक्ताच्या शिरा. त्यांची सावली जन्मापासून पडद्यावर पडलेली असते, पण ती डोळ्याबरोबरच हलते, म्हणून आपल्याला कधी दिसत नाही. पुठ्ठा हलला की सावली जागची सरकते आणि दिसते.

एक पुठ्ठा मी घरी आणला. हौसानं अंगणात उभं राहून बघितलं आणि केवढ्यानं तरी ओरडली. "अवं, हे तर उंबराचं झाड! माज्या डोळ्यात कवा लावलं?" नंतर शेजारच्या बायकांना बोलावून प्रत्येकीला तिचं तिचं झाड दाखवत बसली. भाकरी करायची राहिली त्या दिवशी.

आता रागाकडं येतो.

कापूरहोळला सलीमभाईंचं गॅरेज आहे. त्यांची मुलगी रुख्सार तेव्हा दुसरीत होती. तिचे डोळे जन्मापासून नाचायचे. ही बारीक थरथर नव्हे, लांबून दिसेल असा झोका, इकडून तिकडं. ती मान उजवीकडं वळवून तिरकं बघायची, कारण त्या एका कोनात तिचा झोका कमी व्हायचा आणि अक्षर जागेवर राहायचं. मोठ्या डॉक्टरांनी सलीमभाईंना तसं समजावून सांगितलं होतं. पण शाळेतले मास्तर, आमचे हे अंकवाले नव्हेत, दुसरे, तिची मान हातानं सरळ करायचे. "नीट बस. डोळे मारतेस का?" पोरीला सरळ मानेनं फळा दिसायचा नाही, मग वाचता आलं नाही म्हणून छडी.

मला कळलं तसा मी शाळेत गेलो. वर्गात शिरलो. म्हणालो, "गुरुजी, तुमी एका पायावर हुबं ऱ्हाऊन लिवा फळ्यावर. जमतंय का बगू."

"तुम्ही कोण?"

"मी डोळ्याच्या दवाखान्याचा मानूस. ही पोरगी मान वाकडी करून बगंल. तिला बगू द्यायचं. पुन्यांदा मान धरली तर मी हितंच येऊन बसंन, रोज."

रुख्सार आज कॉम्प्युटरवर काम करते, मान उजवीकडं वळवून. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. मला तोंड होतं, एवढंच लक्षात ठेवा.

उडत्या डोळ्याचा आणखी एक प्रकार मोठ्या डॉक्टरांनी मला शिकवला होता. धडधाकट माणसाला एकाएकी गरगरायला लागतं, उलट्या होतात, आणि डोळा झटके द्यायला लागतो. डॉक्टर त्याच्यापुढं बोट धरायचे, उजवीकडं न्यायचे, डावीकडं न्यायचे. "मामा, कुठंही बघितलं तरी झटका एकाच बाजूला जात असेल तर बहुतेक कान बिघडलाय. पण उजवीकडं बघितलं की उजवीकडं आणि डावीकडं बघितलं की डावीकडं उडत असेल, आणि माणसाला आधाराशिवाय बसता येत नसेल, तर मेंदूचं काम आहे. तिथं थेंब नाही, चष्मा नाही. गाडी काढायची."

विंझरच्या शिबिरात असा एक माणूस मी बघितला. रांगेतच कोसळला होता. डॉक्टरांनी बोट धरलं, दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिली आणि आमच्याच जीपमधून त्याला पुण्याला धाडला. तो आजही बाजारात भेटतो. जरा झोकांडत चालतो, पण चालतो.

चिठ्ठी. आमच्याकडं नियम होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणाला जीपमध्ये घ्यायचं नाही. लोक पाया पडायचे, मी हलायचो नाही. तीस वर्षं तेच.

गेल्या माघात सकाळी हौसा चुलीपुढं बसली होती. तवा उतरवता उतरवता म्हणाली, "अवं, घर फिरतंया." मी म्हटलं, पित्त असंल, पड जरा. पडली. उलटी झाली. उठवून बसवली तर एका अंगाला कलंडली. "डोळं मिटलं तरी फिरतंया वं," म्हणाली.

मी तिच्या डोळ्यात बघितलं. डोळा झटके देत होता. मी बोट धरलं. उजवीकडं नेलं, डोळा उजवीकडं उडाला. डावीकडं नेलं, डावीकडं उडाला. पुन्हा करून बघितलं. तेच.

"काय बगताय माज्या डोळ्यात?"

"काय न्हाई. पड तू."

सलीमभाईंना फोन केला. ते गाडी घेऊन आले. हौसाला मागच्या सीटवर आडवी केली. त्यांनी चावी फिरवली आणि मला विचारलं, "मामा, थेट पुन्याला काढू? तासाभरात पोचवतो."

आणि मी म्हणालो, "आदी वाटंतल्या डॉक्टरला दाखवू. चिठ्ठी नको का?"

हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणाचं नाही.

हायवेच्या कडेच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. सलीमभाईंनी आणि दवाखान्यातल्या एका बाईनं हौसाला दोन्हीकडून धरून बसवलं. त्यानं बीपी बघितलं, जीभ बघितली, पोट दाबलं. बोट धरलं नाही. डोळ्यात बॅटरी मारली, बाहुली बघितली, डोळा उडतोय ते बघितलं की नाही देव जाणे. म्हणाला, "कानामुळं चक्कर येते अशी. वय आहे. इंजेक्शन देतो, दोन दिवस आराम." हौसा सरळ बसू शकत नव्हती, हे त्याच्या समोर होतं. दोन माणसं तिला धरून होती. ते त्याला दिसलं नाही!

आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठेना. मग चिठ्ठी नाही की काही नाही, सलीमभाईंनी गाडी हाणली. पुण्याच्या दवाखान्यात म्हणाले, लहान मेंदूला झटका आलाय, सूज चढलीय, काल आणायला हवं होतं. काल! तिसऱ्या दिवशी हौसा गेली.

तेराव्यापर्यंत जो येईल त्याला मी एकच सांगत होतो. "मला दिसत व्हतं. मला कळत व्हतं. पर मला कुनी इचारलंच न्हाई." लोक माना डोलवायचे. "त्या डॉक्टरला सोडू नका," असंही कुणी कुणी म्हणायचं. मीही मनात म्हणायचो, सोडणार नाही.

महिन्याभरानं मी त्या दवाखान्यात गेलो. रांगेत बसलो. नंबर आला. आत गेलो. त्यानं ओळखलं. खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"सायेब, माज्या बायकूच्या डोळ्यापुढं तुमी बोट का धरलं न्हाई?"

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"उजवीकडं बगितलं की उजवीकडं उडत व्हता डोळा. डावीकडं बगितलं की डावीकडं. मी घरी बगितलं व्हतं. मी चवथी शिकलोय. तुमी किती शिकलाय?"

बाहेरची माणसं ऐकत होती. ऐकू देत म्हटलं. तो उठला, दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर उभा राहिला. पोरगा पांढरा पडला होता.

"मामा, माझी चूक झाली. मी बोट धरायला हवं होतं. रोज आठवतं मला. पण तुम्ही घरी बघितलं होतंत, तर त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं का?"

"विचारलं होतं," तो म्हणाला. "इंजेक्शन दिल्यावर मी तुमच्याकडं बघून विचारलं, अजून काही सांगायचंय का? तुम्ही दाराशी उभे होता, हात बांधून. म्हणालात, न्हाई सायेब."

मला पहिल्यांदा वाटलं, खोटं बोलतोय. त्याच्या अंगावर जावं. मग माझं मलाच दिसलं. मी दाराशी उभा होतो. तीस वर्षं डॉक्टरच्या खोलीत जिथं उभा राहायचो तिथंच, एक हात दुसऱ्या हातात धरून. तो विचारतो. माझं तोंड आपलं आपण म्हणतं, न्हाई सायेब. मी म्हटलं नाही, ते म्हणालं. रांगेतल्या हजार माणसांना जे शिकवलं ते माझ्याच तोंडाला लागलं होतं.

मी खाली बसलो. त्यानं पाणी दिलं. मग हळूच म्हणाला, "मामा, मला दाखवा. बोट कसं धरायचे तुमचे डॉक्टर?"

मला त्याचा इतका राग आला होता की सांगू नये. आता विचारतोय! पण दाखवलं. त्याच्या डोळ्यापुढं बोट धरलं, सावकाश उजवीकडं, मग डावीकडं. त्याचा डोळा नीट होता. भरून आला होता, पण नीट होता. त्यानं पुन्हा दाखवायला लावलं. मग स्वतः माझ्यावर करून बघितलं.

त्याच्यावरचा राग गेला का? नाही. मोठ्या शिक्षणानं त्याला समोरची बाई दिसली नाही, तो राग आहेच. पण तो राग आता एकटा नाही, त्याच्या शेजारी दुसरा बसलाय. तो माझ्यावरचा.

आता जो कुणी हे वाचतोय त्याला सांगतो. घरातलं माणूस एकाएकी गरगरून पडलं, आधाराशिवाय बसेना, तर बोट धरून बघा आणि नाही कळलं तरी गाडी थेट मोठ्या दवाखान्यात घाला. चिठ्ठीची वाट बघू नका. आणि डॉक्टरसमोर हात बांधून उभं राहू नका. जे दिसलं ते सांगा. चुकीचं असेल तर तो हसेल. हसू दे.

हौसाचा पुठ्ठा अजून घरी आहे. तिनं भोकाच्या कडेला हिरव्या पट्टीचं कापड चिकटवलं होतं, डोळ्याला टोचू नये म्हणून. कधी कधी अंगणात उभा राहून तो डोळ्याला लावतो. हलवला की उंबर दिसतो. हात दुखला की थांबतो, आणि फांद्या जातात. चाळीस वर्षं ती माझ्यासमोर होती. चुलीपुढं, मशिनीवर, दारात. जोडव्यांसारखी. मी नीट बघितलं ते त्या एका सकाळी, बोट धरून, आणि तेव्हा तिनं मला सरळ विचारलं होतं, काय बगताय म्हणून.

त्या दिवशी मला दोघांनी विचारलं. डॉक्टरनं नंतर, हौसानं आधी. कुणी विचारलं नाही, हे आता मी कुणाला सांगत नाही.